नियमामागचं कारण

औंढा नागनाथाच्या देवळात नंदी समोर नाही, मागे आहे. शिवालयात असं सहसा नसतं, म्हणून येणारा कारण विचारतोच आणि आमच्या हिंगोली जिल्ह्यात ते कुणीही सांगतं. नामदेवांच्या कीर्तनाची अडचण होते म्हणून त्यांना देवळामागे पिटाळलं, ते तिथे गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नंदी मात्र होता तिथेच राहिला. देऊळ फिरल्याचा उल्लेख गुरू ग्रंथसाहिबातल्या नामदेवांच्या पदातही आहे आणि तिथे हाकलण्यामागे जात आहे. खेळ रचणाऱ्याने या कथेकडे जरा आपल्या कामाच्या नजरेने पाहावं. ‘गवंडी चुकला’ असंही नंदीचं उत्तर देता आलं असतं, पण त्याने प्रश्न फक्त मिटला असता. कथेतलं उत्तर पुढचंही सांगतं. उद्या हाकललेला दुसरा कुणी मागे बसून गायला, तर देव तोंड कुठे करील, हे कुणाला विचारावं लागत नाही.

टेबलाभोवती बसून, आपापल्या पात्राच्या तोंडून बोलत आणि फासे टाकत जे रोलप्लेइंग खेळ खेळले जातात, त्यांत हा वाद जुना आहे: नियमाला खेळाच्या जगातलं कारण हवं की नको? माझं मत असं की, जिथे नियमाला पुस्तकात नसलेल्या प्रसंगाला सामोरं जायचं आहे, तिथे कारण हवं. बाकी ठिकाणी ते ओझं आहे. समजा, नामदेवांच्या काळातल्या वारकऱ्यांवर खेळ रचला आणि नियम केला की कीर्तनकाराने फासा जिंकला तर दमलेल्या सोबत्यांना बळ परत मिळतं. पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारणार, ‘मनातल्या मनात नाम घेतलं तर चालेल?’ दुसरा म्हणणार, ‘मी नदीपलीकडे आहे, मला मिळेल का?’ नियम एवढाच असेल तर खेळ चालवणाऱ्याला मनाला येईल ते ठरवावं लागतं आणि तिथून हुज्जत सुरू होते. पण ‘बळ ऐकण्यातून येतं’ एवढी एक ओळ नियमाखाली असली, तर दोन्ही प्रश्नांची उत्तरं खेळणारेच देतात. वर ते टाळ वाजवून आवाज पलीकडे पोचवायची युक्तीही काढतात, जी रचणाऱ्याच्या डोक्यातही नव्हती.

यावर हमखास आक्षेप येतो तो कबड्डीचा. चढाई करणाऱ्याने एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहायचं, का ते कुणी विचारत नाही. संजीवनी प्रकारात बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो, गनिमीत होत नाही, अमरमध्ये गडी मैदान सोडतच नाही. मेलेला उठला कसा, असं म्हणून कुणी पंचाकडे गेल्याचं ऐकिवात नाही. मोक्षपटाचंही तेच. तिथे सापांना दुर्गुणांची आणि शिड्यांना सद्गुणांची नावं होती. सापशिडीत ती गळून पडली, तरी पोरं आनंदाने खेळतातच. हे सगळं खरं आहे. पण कबड्डीत मैदानाच्या रेषा आखलेल्या असतात, सापशिडीत तर खेळणाऱ्याला ठरवायचं असं काहीच नसतं. तिथे नियमाबाहेरचा प्रश्न उठतच नाही. रोलप्लेइंग खेळात मात्र ‘मी काहीही करून पाहीन’ ही मुभा हाच खेळ असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कारण दिलं की नवे घोळ होतात. 1974 साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या रोलप्लेइंग खेळामध्ये मार खाण्याची क्षमता हिट पॉइंटच्या आकड्यात मोजतात आणि अनुभवाबरोबर तो वाढत जातो. माणूस तलवारीचे दहा वार कसे सोसतो, या प्रश्नावर खेळाच्या रचनाकारांपैकी एक, गॅरी गायगॅक्स यांनी 1979च्या मार्गदर्शक पुस्तकात खुलासा केला, की तो आकडा निव्वळ शरीराचा नाही. त्यात कौशल्य, नशीब, दैवी कृपाही आली. ठीक. मग विषारी बाण नशिबाने हुकला असेल, तर विष अंगात गेलं कुठून? हा खुलासा नियमाच्या मागून आला होता, लोकांचं तोंड बंद करायला. त्याच खेळाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत जादूगार मंत्र वापरला की तो मंत्र विसरायचा आणि पोथीतून पुन्हा पाठ करायचा. ही कल्पना जॅक व्हान्स यांच्या 1950च्या ‘द डायिंग अर्थ’ या कथापुस्तकातून आलेली, म्हणजे कारण आधी होतं आणि नियम त्यातून निघाला. म्हणून मंत्रांची पोथी चोरीला गेली तर जादूगाराचं काय होईल, हे कोष्टकात शोधावं लागत नाही. कुणाकुणाला ही विसरभोळी जादू आवडत नाही, मलाही फारशी नाही, पण ती कोलमडत नाही.

तेव्हा मराठीत असे खेळ रचू पाहणाऱ्यांना एवढंच सांगणं: प्रत्येक नियमाला पुराण जोडू नका. फासे किती टाकायचे, पाळी कुणाची, यांना कारण नको. ज्या नियमावर ‘मग असं केलं तर?’ हा प्रश्न येईल, त्याच्याखाली एक ओळ लिहा. चार-पाच बैठकांत ती ओळ एकदाही कामी आली नाही, तर पुढच्या आवृत्तीत खुशाल खोडा.