कागदाने काय होते? एका अफगाण राजदूताची गोष्ट

अभ्यासवर्गातली तरुण मुले आम्हाला हमखास विचारतात: अत्याचाराच्या गावी जायचे, जबाब घ्यायचे, अहवाल लिहायचा, निवेदन द्यायचे, पण कागदाने काय होते? प्रश्न खोटा नाही. आमच्या कित्येक अहवालांना पोचपावतीपलीकडे काही मिळालेले नाही. तरीही आम्ही या मुलांना अब्दुल रहमान पझवाक सांगतो. एम.ए.ला मानवी हक्क शिकताना हे नाव आमच्या कानावर कधी आले नव्हते.

पझवाक अफगाणिस्तानचे कवी आणि मुत्सद्दी. १९५८ ते १९७२ ते संयुक्त राष्ट्रांत देशाचे स्थायी प्रतिनिधी होते. देश गरीब, फौज नगण्य. हातात होते फक्त एक मत आणि शब्द.

८ मे १९६३ च्या बुद्धजयंतीला व्हिएतनाममधील ह्यू शहरात बौद्ध ध्वज फडकवण्यावर दिएम सरकारची बंदी होती. आपल्या विहारांवर फडकतो तोच हा पंचरंगी ध्वज. निषेधाला जमलेल्या नऊ जणांचे प्राण गेले. ११ जूनला भिक्खू थिच क्वांग डुक यांनी सायगावच्या चौकात स्वतःला जाळून घेतले. मग संयुक्त राष्ट्रांचे सात देशांचे सत्यशोधन मंडळ ऑक्टोबरमध्ये तिथे गेले. अध्यक्ष होते पझवाक. एका मुस्लिम देशाचा माणूस बौद्धांची गाऱ्हाणी नोंदवत होता. मंडळ सायगावात असतानाच आणखी एका भिक्खूने आत्मदहन केले. नोव्हेंबरच्या आरंभी लष्कराने दिएमला उलथवून ठार केले. डिसेंबरमध्ये अहवाल आला, पण आमसभेने त्यावर पुढे चर्चा केली नाही.

म्हणजे कागद वाया गेला? आम्हाला तसे वाटत नाही. सत्ताधारी बदलले तरी साक्षी राहिल्या. त्या दिवसांत काय घडले हे नाकारू पाहणाऱ्याला आजही त्या नोंदींना सामोरे जावे लागते.

दुसरी गोष्ट याहून मोठी. मानवी हक्कांच्या करारांत लोकांचा आत्मनिर्णयाचा हक्क आलाच पाहिजे, असा आग्रह १९५० च्या दशकात धरणाऱ्यांत अफगाणिस्तान पुढे होते. ती बाजू पझवाक मांडत. वसाहतवाद्यांचा विरोध होता. अखेर १६ डिसेंबर १९६६ रोजी दोन्ही करार मंजूर झाले. दोन्हींचे पहिले कलम आत्मनिर्णयाचेच आहे. त्या वेळी आमसभेचे अध्यक्ष होते पझवाक.

आपल्यालाही एका शब्दाचे मोल माहीत आहे. १९६५ च्या वंशभेदविरोधी करारात 'जन्मवंश' हा शब्द आला, तो भारताच्याच सूचनेवरून. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने त्यात जातही येते असे स्पष्ट केले. सरकार ते मानत नाही, पण आपल्याला दाद मागायला जागा झाली ती त्या शब्दामुळे.

मात्र मित्रहो, गोष्टीचा शेवटही ऐका. १९७८ च्या उठावानंतर पझवाकांच्या वाट्याला काबूलमध्ये नजरकैद आली, मग परागंदा जिणे. १९९५ मध्ये ते पेशावरला वारले. ज्या हक्कांसाठी ते जगाच्या सभेत भांडले, ते त्यांच्या देशात टिकवून धरणारी संघटित जनता उभी राहिली नव्हती.

म्हणून आमचे उत्तर असे आहे: संघटना नसेल तर कागद लुळा, आणि कागद नसेल तर संघटनेचे म्हणणे उद्या कुणीही खोडून काढील. पुढच्या वेळी गावात जाल तेव्हा घोषणा द्याच, पण तारीख, वेळ आणि साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे लिहून आणा.

जयभीम!