रायपूरहून समुद्राकडे, आजोबांच्या शोधात

रायपूर हे तळ्यांचे गाव. शहराच्या मध्यावर बूढा तालाब, पूर्वेला तेलीबांधा, पश्चिमेला खारून नदी आणि तिच्या काठचा महादेव घाट. पाण्याला तोटा नाही. पण समुद्र मात्र फार लांब. मुंबई रेल्वेने अकराशे किलोमीटरच्या पुढे, विशाखापट्टणम पाचशेहून अधिक. अशा गावातल्या एखाद्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत नाविकाची गोल टोपी सापडली, तर नातवंडांना नवल वाटणारच. भाताच्या कोठारातला हा मुलगा समुद्रावर गेला तरी कसा?

उत्तराचा पहिला धागा रायपूरच्या स्टेशनातच मिळतो. बंगाल नागपूर रेल्वेने इथून महासमुंद, टिटलागढ, रायगडा, विजयानगरम असा डोंगरांतून जाणारा मार्ग टाकला आणि १९३१ मध्ये तो पूर्ण झाला. मध्य प्रांतातले मँगनीज परदेशी पाठवायला जवळचे बंदर हवे होते. त्यासाठीच विशाखापट्टणमचे बंदर बांधले गेले व १९३३ मध्ये सुरू झाले. खनिजासाठी आखलेल्या या वाटेने छत्तीसगडला समुद्राचे दार उघडून दिले.

पुढे सहाच वर्षांत दुसरे महायुद्ध पेटले. १९३४ मध्ये ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हे नाव मिळालेले भारतीय नौदल तेव्हा अगदी लहान होते. माणसे दोन हजारांच्या आतबाहेर. युद्ध संपेपर्यंत ती संख्या पंचवीस हजारांवर गेली. एवढी माणसे केवळ किनाऱ्यावरच्या कोळी-खलाशी घराण्यांतून मिळणे शक्य नव्हते. तारायंत्र, संदेश, इंजिन अशा कामांसाठी शाळा शिकलेली मुले हवी होती. ती देशाच्या आतल्या भागांतूनही भरती झाली.

शोध घेणाऱ्याला पहिली अडचण येते ती गावाच्या पत्त्याची. जुन्या कागदावर ‘छत्तीसगड’ शोधून उपयोग नाही. त्या काळी रायपूर ‘सी. पी. अँड बेरार’ या प्रांतात होते आणि राजधानी होती नागपूर. १९५० मध्ये प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले, १९५६ मध्ये राजधानी भोपाळला गेली आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे राज्य झाले. घर तिथेच राहिले, पत्ता मात्र बदलत गेला. नावांचेही तसेच. इंग्रज कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे आडनाव लिहिले जाई. म्हणून एकाच नावाची चार-पाच स्पेलिंगे मनाशी धरूनच याद्या चाळाव्या लागतात.

दुसरी अडचण टोपीचीच. युद्धकाळात टोपीच्या फितीवर जहाजाचे नाव नसे, नुसती ‘एच. एम. आय. एस.’ ही अक्षरे असत. शत्रूला सुगावा लागू नये, हा हेतू. त्यामुळे टोपीवरून आजोबा कोणत्या जहाजावर होते ते कळत नाही. कागदावर नाव सापडले, तरी फसगत होऊ शकते. ‘तलवार’, ‘बहादूर’, ‘दिलावर’ ही नावे जहाजांसारखी वाटतात. पण ‘तलवार’ ही मुंबईत कुलाब्याला असलेली संदेशवहनाची शाळा होती, तर इतर दोन कराचीतली प्रशिक्षण केंद्रे.

खऱ्या जहाजांपैकी अनेकांना नद्यांची नावे होती : सतलज, जमना, कावेरी, कृष्णा, गोदावरी, नर्मदा. इंग्रजी कागदांत ‘नर्बदा’ असे लिहिलेले हे शेवटचे नाव रायपूरकरांना खास जवळचे. कारण नर्मदेचा उगम अमरकंटकला, छत्तीसगडच्या सीमेलगत. ही युद्धनौका जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या अराकानच्या खाड्यांत लढत होती. फाळणीनंतर ती पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि ‘झेलम’ झाली. भारतीय याद्यांत पुढे तिचे नाव का दिसत नाही, याचे उत्तर हे असे.

तारखा जुळवत गेले की घरातल्या ऐकीव गोष्टींना अर्थ येतो. ६ एप्रिल १९४२ या एकाच दिवशी जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले आणि ब्रह्मदेशच्या किनाऱ्यावर अक्याबपाशी ‘इंडस’ ही भारतीय युद्धनौका बुडवली. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला हिंदी महासागरात ‘बेंगॉल’ या सुरुंग काढणाऱ्या छोट्या जहाजाची गाठ दोन जपानी लढाऊ जहाजांशी पडली. ‘बेंगॉल’ जेमतेम साडेसहाशे टनांचे, तर समोरचे प्रत्येक जहाज दहा हजार टनांचे. सोबत ‘ओंडिना’ हे डच तेलवाहू जहाज होते. त्या झुंजीत ‘होकोकू मारू’ हे जपानी जहाज बुडाले. ‘बेंगॉल’ आणि ‘ओंडिना’ दोन्ही वाचली.

जे परतले नाहीत, त्यांचा शोध मुंबईत मशीद बंदरजवळच्या ‘इंडियन सेलर्स होम’पर्यंत जातो. समुद्रात हरवलेल्यांना थडगे नसते, समाधी नसते. त्यांच्यासाठी तिथे नावांचे स्मृतिग्रंथ आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या ग्रंथात भारतीय नौदलाचे चारशेहून अधिक आणि व्यापारी जहाजांवरचे जवळजवळ सहा हजार खलाशी नोंदलेले आहेत. तसाच दुसरा ग्रंथ बांगलादेशात चट्टग्रामला आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी तर आता घरबसल्या, विनामूल्य पाहता येते. काही नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही मिळते.

जे परतले, त्यांची वाट वेगळी. पेटीतला सेवामुक्तीचा दाखला, पदकाच्या कडेवर कोरलेला क्रमांक, पगाराचे पुस्तक यांपैकी काहीही हाती असेल, तर नाविकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या मुंबईतल्या मानखुर्दच्या ‘ब्यूरो ऑफ सेलर्स’कडे अर्ज करता येतो. नावापेक्षा क्रमांक मोलाचा. कारण एका नावाचे दहा जण असतात, क्रमांक एकाचाच असतो. जहाजाचे नाव कळले की त्याच्या मोहिमा १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नौदलाच्या अधिकृत युद्ध-इतिहासात वाचायला मिळतात.

काही घरांत मात्र आजोबा या विषयावर कधी बोललेच नाहीत. त्या मौनाचे एक कारण १९४६ सालात असू शकते. १८ फेब्रुवारीला मुंबईत ‘तलवार’वर नाविकांनी उठाव केला. निकृष्ट अन्न, अपमानाची वागणूक आणि स्वातंत्र्याची आस, या तिन्हींचा तो भडका होता. सुमारे वीस हजार नाविक त्यात उतरले. अनेकांना बडतर्फ करण्यात आले आणि स्वातंत्र्यानंतरही पुन्हा सेवेत घेतले गेले नाही. युद्ध जिंकून आलेला मुलगा रिकाम्या हाताने, डाग लागलेला दाखला घेऊन गावी परतला. शेजाऱ्यांना काय सांगणार? त्याने टोपी पेटीत ठेवली आणि कुलूप लावले. आज तो दाखला वाचणाऱ्या नातवाला त्यात डाग दिसत नाही. दिसते ती हिंमत.

भोसल्यांच्या अमलापासून रायपुरात मराठी घरे नांदत आली आहेत. तात्यापारा, बूढापारा, ब्राह्मणपारा या जुन्या वस्त्यांत आणि १९३५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाच्या ओसरीवर अजून जुन्या आठवणी निघतात. पण पेट्यांना वाळवी लागते, पावसाळ्यात कागद दमट होतात आणि आजोबांबरोबर शाळेत गेलेली माणसे आता जवळपास उरलेली नाहीत. म्हणून पहिले काम घरातच करावे : फोटोच्या पाठीमागचे अक्षर उतरवून घ्यावे, आजी किंवा मोठ्या आत्याला विचारावे, प्रत्येक कागदाची प्रत काढून ठेवावी.

मग जमल्यास एकदा रायपूरहून विशाखापट्टणमची गाडी पकडावी. भातशेते मागे पडतात, डोंगर लागतात, बोगदे येतात आणि अखेर हवेत खारटपणा जाणवू लागतो. अठरा-वीस वर्षांचा, कधी समुद्र न पाहिलेला एखादा मुलगा याच रुळांवरून गेला असेल. त्याची लढाई कोणत्या पाण्यावर झाली, हे नातवंडांनी सांगता यावे, एवढे तरी त्याचे देणे आहेच.