शर्यतीचा साज

गेल्या मार्गशीर्षांत माझा पुतण्या नागपुराहून आपली मोटार घेऊन भंडाऱ्यास आमचे घरीं आला, तेव्हां गाडीचें दार उघडतांच सर्व मंडळी चकित होऊन पाहूं लागली. पुढच्या मूळच्या दोन्ही खुर्च्या नाहींशा होऊन त्यांच्या जागीं उंच कडांचीं, खोल अशीं दोन आसनें बसविलेलीं होतीं, आणि प्रत्येक आसनावर चार तांबडे पट्टे लोंबत होते. "काका, याला हार्नेस म्हणतात. शर्यतीच्या गाड्यांतला आहे. साधा पट्टा माणसाला तीन ठिकाणीं धरतो, हा चार ठिकाणीं," असें त्यानें मोठ्या अभिमानानें सांगितलें. आमच्या मातोश्रींना त्या आसनांत बसवावयास दोघे लागले व बाहेर काढावयास तिघे. "मला या वयांत पुन्हां पाळण्यांत घातलेंत कीं काय?" एवढेंच त्या म्हणाल्या.

तरुणपणाचें वेड म्हणून मीं हें सोडून दिलें असतें. परंतु पुतण्यानें हा खर्च हौसेखातर केलेला नव्हता. त्याची पत्नी सहा महिन्यांची गरोदर होती, सातव्यांत तिला साकोलीस माहेरीं पोंचवावयाचें होतें, आणि आमच्या महामार्गावरील मालमोटारींची वर्दळ त्याच्या डोळ्यांपुढें होती. जितके पट्टे अधिक तितकी सुरक्षितता अधिक, असा त्याचा सरळ हिशेब. तो मजलाही पटला होता, हें येथें कबूल केलें पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे लाखनीपर्यंत जाऊन आलों. गल्लींतून मोठ्या रस्त्यावर येतांना जरा पुढें वांकून दोन्ही बाजू पाहाव्या, तर खांदे आसनाशीं जखडलेले! परततांना एक वासरूं एकाएकीं आडवें आलें. पुतण्यानें ब्रेक करकचून दाबला, वासरूं वांचलें. माझे खांदे जागच्या जागीं राहिले खरे, परंतु कंबर पुढें घसरली आणि कमरेचा पट्टा वर चढून नेमका पोटांत रुतला. घरीं येऊन पाहतों तों बेंबीवर लाल वळ. त्या वेळीं मी कांहीं बोललों नाहीं. परंतु रात्रीं झोंप म्हणून लागली नाहीं. त्या जागीं सूनबाई असती तर?

पुढचे आठ दिवस मीं वाचनांत आणि एका जाणत्या यंत्रज्ञास प्रश्न विचारण्यांत घालविले. घडलें तें असें होतें. या साजाचें बक्कल कमरेच्या पट्ट्याच्या मध्यावर असतें. खांद्यांवरचे पट्टे आवळले म्हणजे ते बकलाला वर ओढतात, आणि कमरेचा पट्टा कटीच्या हाडांवरून सुटून मऊ पोटावर येतो. म्हणून शर्यतीच्या गाडींत मांड्यांमधून आणखी एक किंवा दोन पट्टे घेऊन त्याला खालीं धरून ठेवतात. शिवाय खांद्यांवरचे पट्टे पाठीमागें जवळजवळ आडवे गेले पाहिजेत. आमच्या चिरंजीवांनीं ते थेट खालीं, मागच्या आसनाच्या पट्ट्यांसाठीं असलेल्या जागीं आवळले होते. त्यामुळें धडक बसली असतां सारा दाब पाठीच्या कण्यावर आला असता, आणि मागें बसणारास पट्टाच उरला नव्हता तो निराळाच!

बरें, खांदे घट्ट बांधले तरी डोकें मोकळेंच राहतें. 18 फेब्रुवारी 2001 रोजीं अमेरिकेंत डेटोना येथें डेल अर्नहार्ट हा नामांकित शर्यतपटू कवटीच्या तळाचें हाड मोडून मरण पावला. रॉबर्ट हबर्ड व जिम डाउनिंग या मेहुण्यांनीं डोकें व मान सांवरणारें एक साधन त्याच्या कितीतरी आधीं तयार केलेलें होतें. 2003 सालापासून फॉर्म्युला वनच्या शर्यतींत तें सक्तीचें झालें. शिरस्त्राण, तें साधन, सहा पट्टे, आसन, आणि गाडी उलटली तरी छप्पर दबूं न देणारा पोलादी पिंजरा, हा सगळा मिळून एक साज आहे. त्यांतला एकच डाग उचलून घरच्या गाडीला घातला, आणि छप्पर खालीं आलें, तर ताठ बांधलेल्या माणसास बाजूला कलंडावयासही सवड नाहीं.

मजला या वेळीं लहानपणींचा शंकरपट आठवला. आमच्या शेजारच्या पाटलांकडे पटाची जोडी होती. (2014 सालीं सर्वोच्च न्यायालयानें या शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्यें त्यांना पुन्हां परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्यें घटनापीठानें ती कायम केली, तो वाद वेगळा.) पाटलांच्या अंगणांत दोन गाड्या असत. पटासाठीं छकडा; अगदीं हलका, नुसता सांगाडा म्हणा ना. धुरकरी त्यावर कासरा धरून कसाबसा टिकून राही. आणि लेकी-सुनांसाठीं दमणी; वर छप्पर, खालीं तणसाची गादी. बैल पुष्कळदां तेच असत. परंतु माहेरवाशिणीला लवकर पोंचावयाचें आहे म्हणून पाटलांनीं कधीं छकडा जुंपला नाहीं.

साधा तीन टोकांचा पट्टा हें दमणीचें काम करतो. तो निल्स बोहलिन या स्वीडिश अभियंत्यानें 1959 सालीं व्होल्व्होसाठीं तयार केला. हा गृहस्थ पूर्वीं विमानांतून वैमानिकास बाहेर फेंकणारीं आसनें तयार करीत असे, म्हणजे घट्ट बांधण्याची विद्या त्यास ठाऊक नव्हती असें नाहीं. तरीही त्यानें सामान्य माणसासाठीं एका हातानें लावतां येणारा पट्टा निवडला. आजच्या गाड्यांत हा पट्टा धडकेच्या क्षणीं आधीं आवळतो, मग थोडा सैल सोडतो, आणि समोरची एअरबॅग शरीर झेलते. पुष्कळ गाड्यांत बाजूची एअरबॅग मूळच्या खुर्चींतच असते. पुतण्यानें ती खुर्चीसकट काढून ठेवली होती! समोरचा तांबडा दिवा त्यामुळेंच सतत जळत होता, आणि त्याला वाटलें, दिवाच बिघडला.

"पण काका, शर्यतवाले मूर्ख आहेत का?" त्यानें चिडून विचारलें. मीं शर्ट वर करून पोटावरचा वळ दाखविला. तो बराच वेळ त्याकडे पाहत राहिला. मोटार वाहन कायद्याचें 52 वें कलम असा फेरफार करूं देत नाहीं, हें मीं मागाहून सांगितलें. त्याची जरूर नव्हती.

मूळच्या खुर्च्या सुदैवानें मोडींत गेल्या नव्हत्या. त्या परत बसल्या, तांबडा दिवा विझला, आणि पौषाच्या आधींच आम्ही सूनबाईस साकोलीस पोंचविलें. कमरेचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वरच्या हाडांवरून घ्यावयाचा, आणि तिरका पट्टा पोटाच्या बाजूनें छातीच्या मधोमध, हें तिला दोनदां करून दाखविलें. मागच्या आसनावर मातोश्री होत्या. त्यांनीं कुरकुर करीत कां होईना, पट्टा लावला. 4 सप्टेंबर 2022 रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा अंत झाला, तेव्हां तेही उत्तम बांधणीच्या मोटारींत मागेंच बसले होते आणि त्यांनीं पट्टा लावलेला नव्हता, ही हकीकत मीं त्यांना सांगितलेली होती.

फाल्गुनांत सूनबाईस मुलगी झाली. तांबडे पट्टे आमच्या माळ्यावर पडून होते. त्यांतील एक मातोश्रींनीं पणतीच्या झोळीसाठीं मागितला. देण्यापूर्वीं मीं तो उजेडांत धरून पाहिला, तों त्यावरील चिठ्ठीवर छापलेली मुदत पुतण्यानें तो विकत घेण्याच्या आधींच संपलेली होती.