पुकारा

तालुक्याच्या कोर्टात पट्टेवाला दाराबाहेर येतो आणि सदतीस नावं एका दमात म्हणून टाकतो. बारा वर्षांत त्याला ती पाठ झाली आहेत. माझं नाव एकोणिसावं. अठराव्या नावाचा माणूस दोन पावसाळ्यांमागं वारला. वकिलांनी मृत्यूचा दाखला देऊन त्याचं नाव कागदावरून कमी करून घेतलं, पण पट्टेवाल्याच्या तोंडातून ते अजून गेलेलं नाही. ते आलं की आम्ही खाली बघतो. मग मी ‘हजर’ म्हणतो, साक्षीदार आलेला नसतो, तारीख पडते, आणि आम्ही सगळे समोरच्या टपरीवर चहा प्यायला जातो.

गुन्हा काय, तर २०१२च्या दिवाळीत उसाला पहिली उचल ३००० रुपये मिळावी म्हणून फाट्यावर बैलगाड्या आडव्या घातल्या. भजन म्हटलं. संध्याकाळपर्यंत पोलिसांनी एका मंगल कार्यालयात बसवून ठेवलं आणि नावं लिहून घेऊन सोडलं. कलम १४३, बेकायदा जमाव. कलम ३४१, रस्ता अडवणं. गावात याची लाज कुणालाच वाटली नाही. उलट माझ्या मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत मामांनी ‘आमचे दाजी आंदोलनातले’ असं दोनदा सांगितलं होतं.

तीच मुलगी आता नेदरलँड्सला, आइंडहोवनला असते. तिला सातवा महिना लागला आणि आम्ही पासपोर्टला बसलो.

ई-सेवा केंद्रात पुतण्या अर्ज भरत होता. भराभर चाललेला त्याचा हात एका प्रश्नावर थबकला. तुमच्याविरुद्ध फौजदारी खटला प्रलंबित आहे काय? हो किंवा नाही. “काका, नाही म्हणू का?” त्यानं आवाज खाली आणून विचारलं. खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं हा पासपोर्टच्या कायद्यात वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मी ‘हो’ म्हणालो ते वेगळ्याच कारणानं. मला वाटलं, हो म्हटलं की पुढं विचारतील, कशाबद्दल? मग मी उसाचं सांगेन. पुढं कलम आणि कोर्टाचं नाव लिहायला जागा होती. उसाला जागा नव्हती.

पोलीस ठाण्यातले गोपनीयचे हवालदार पडताळणीला घरी आले, चहा घेतला, “तुमचं आम्हाला माहीतच आहे हो,” म्हणाले, आणि त्यांच्या अहवालानंतर अर्ज अडला. हिचा पासपोर्ट तीन आठवड्यांत पोस्टमननं आणून दिला. दहा वर्षांचा.

वकिलांनी १९६७चा पासपोर्ट कायदा काढून दाखवला, कलम ६. मी तो दोनदा वाचला आणि मग हसू आलं. ज्याला शिक्षा झाली, त्याला पासपोर्ट नाकारायचा तर गुन्हा नैतिक अधःपतनाचा हवा, शिक्षा निदान दोन वर्षांची हवी, आणि ती अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत झालेली हवी. पण ज्याचा खटला नुसता चालू आहे, त्याच्यासाठी यातली एकही चाळण नाही. तेव्हाच्या दंडसंहितेत रस्ता अडवल्याबद्दल जास्तीत जास्त एक महिना साधी कैद किंवा ५०० रुपये दंड; जमावाबद्दल फार तर सहा महिने. म्हणजे पहिल्याच तारखेला ‘केलं साहेब’ म्हणून दंड भरून आलो असतो, तर आज मोकळा असतो. मी गुन्हेगार ठरलो नाही म्हणून अडकलो होतो.

वाट होती, नाही असं नाही. २५ ऑगस्ट १९९३ची सरकारी अधिसूचना आहे: खटला जिथं चालू आहे त्या कोर्टानं परदेशी जायला परवानगी दिली, तर पासपोर्ट मिळतो. कोर्ट सांगेल तेवढ्या मुदतीचा. मुदत सांगितली नाही, तर एक वर्षाचा.

त्या दिवसांत मी घरात टिळकांचं फार बोलायचो. मंडालेची सहा वर्षं भोगून आलेला माणूस १९१८ साली विलायतेला निघाला, तर कोलंबोला पोचल्यावर सरकारनं पासपोर्ट रद्द केले आणि त्यांना मागं फिरावं लागलं. पुढं त्याच वर्षी ब्रिटिश पत्रकार चिरोलवरच्या दाव्यासाठी जाऊ दिलं, तेही अटी घालून. एका रात्री ही म्हणाली, “अहो, टिळकांना बाळंतपणाला जायचं नव्हतं.” आणि ती एकटीच पुढं गेली. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली, डिंकाच्या लाडवांचे दोन डबे सांभाळत.

माझा अर्ज कोर्टापुढं आला तेव्हा नातू पाच आठवड्यांचा झाला होता. न्यायाधीश मुलीच्याच वयाच्या. त्यांनी हमीपत्र पाहिलं, परतीची तारीख विचारली, सरकारी वकिलांची हरकत नोंदवून घेतली. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “पहिलंच का?” मी मान हलवली. बारा वर्षांत त्या कोर्टात मला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर मला द्यावंसं वाटलं. हुकुमात मुदतीचा शब्द राहून गेला. पासपोर्ट एक वर्षाचा आला.

आइंडहोवनला कोर्टाच्या तारखेच्या दिवशी मी पहाटेच जागा झालो. नातू खांद्यावर होता, बाहेर बारीक पाऊस. इथले साडेसात म्हणजे तिकडचे अकरा. पट्टेवाला दाराबाहेर आला असेल. सोळा, सतरा, खाली बघायचं, आणि एकोणीस. नातवानं माझ्या कानाशी जांभई दिली. मी हजर म्हणालो की नाही, आठवत नाही. वकील हजेरी माफीचा अर्ज देणार होते.

दुपारी त्यांचा निरोप आला. साक्षीदार गैरहजर. पुढची तारीख १९ नोव्हेंबर.

लिहून ठेवायला मी कालनिर्णय शोधू लागलो. त्या घरात एकच कॅलेंडर होतं, शेजारच्या डच आजींनी बाळासाठी दिलेलं, वाढदिवस लिहायचं. ते इथल्या रिवाजाप्रमाणं संडासाच्या भिंतीला टांगलेलं. त्यात नुसते महिने आणि आकडे. वार नाहीत, साल नाही, दरवर्षी तेच चालतं. १९ नोव्हेंबरसमोरची ओळ रिकामी होती. मी तिथं बारीक अक्षरात लिहिलं, ‘तारीख’.