कापसाच्या गावात कापसावर छापायचं कसं?

आमचं खामगाव कापसाचं. १८७० साली जलंबहून इथे आगगाडीचा फाटा आला, तोच मुळी कापसासाठी. मी शिकवलेल्या कित्येक मुलांची फी पऱ्हाटीच्या भरवशावर भरली जायची; दिवाळीनंतर वेचणी झाली, कापूस विकला, की फी. आता याच गावात एखाद्या सुती सदऱ्यावर चार रंगांचं चित्र छापून देणारं लहानसं यंत्र सुखाने चालत नाही, हे ऐकून मला नवल वाटलं. तुम्हालाही वाटेल, म्हणून लिहितो आहे.

माझा एक जुना विद्यार्थी टी-शर्ट छापायचं दुकान चालवतो. वडील शेतकरी. गणेश मंडळाचे शंभर शर्ट असले तर तो स्क्रीन प्रिंटिंग करतो. आमच्या वयाच्या मास्तरांना हे लगेच कळेल, कारण शाळेतलं सायक्लोस्टाइल यंत्र याच जातीचं. स्टेन्सिल कापायचा त्रास एकदाच, मग प्रश्नपत्रिका हव्या तितक्या काढा. पण प्रतच एक हवी असेल तर? स्क्रीनला तर प्रत्येक रंगाची वेगळी फ्रेम लागते. आणि आजकालचं गिऱ्हाईक लेकराच्या वाढदिवसाला एकच शर्ट मागतं, तोही फोटोसकट. तिथे हवा इंकजेट.

माझा नातू इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने प्रोजेक्ट म्हणून या दुकानासाठी छोटा प्रिंटर बनवायला घेतला, आणि त्यामुळे माझीही शिकवणी सुरू झाली. इंकजेटच्या डोक्याला केसाहून बारीक छिद्रं असतात. त्यातून उडणारा थेंब मोजतात पिकोलिटरमध्ये, म्हणजे लिटरच्या एक लाख कोटीव्या भागात! थेंब उडवायच्या रीती दोन. एक उष्णतेची. १९७७ साली जपानच्या कॅननमधल्या इचिरो एंडो यांच्याकडून तापलेली सोल्डरिंगची इस्त्री शाईच्या सुईला लागली, शाई फसकन उडाली, आणि त्यातून ही रीत निघाली. दुसरी पिझो स्फटिकाची. वीज दिली की तो किंचित वाकतो आणि थेंब ढकलतो. यात शाई उकळावी लागत नाही, म्हणून कापडाच्या शाईला ही रीत मानवते.

बरेच लहान यंत्रवाले कागदाचाच प्रिंटर उघडतात. कागद ओढणारे रूळ काढायचे, त्या जागी मोटरवर सरकणारा पाट बसवायचा, पाटावर शर्ट ताणायचा. इथपर्यंत सोपं आहे, असं नातू म्हणतो.

घोडं अडतं शाईपाशी. सगळ्यात स्वस्त पडते सब्लिमेशनची शाई. कागदावर छापून सुमारे २०० अंशांवर दाबली की तिची वाफ होऊन धाग्यात शिरते. पण फक्त पॉलिएस्टरच्या! सुती धागा ती धरून ठेवत नाही. म्हणून कापूसवाल्याचा मुलगा कापसाच्या गावात पॉलिएस्टरचे शर्ट विकतो. सुती कापडाला वेगळी शाई लागते, गडद रंगाच्या शर्टाला आधी एक द्रव फवारावा लागतो आणि खाली पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो. पांढरा रंग जड. शाळेच्या सफेदीचा चुना बादलीत तळाशी बसायचा, तसाच हाही नळीत बसतो आणि छिद्रं बुजवतो. त्याला सारखं फिरवत ठेवावं लागतं.

यावर डीटीएफ नावाचा उपाय निघाला आहे. चित्र फिल्मवर छापायचं, डिंकाची पूड लावून शर्टावर गरम दाबायचं. सुती चालतं, पण कापडावर थर बसतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार गेला की छातीवरचा तो ठिगळासारखा थर नकोसा होतो.

मला वाटतं, खरं डिझाइन यापुढे आहे. बाहेरून येणारी यंत्रं एसीची खोली आणि अखंड वीज गृहीत धरतात. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात शाई छिद्रातच वाळते. ओलाव्यासाठी कूलर हवा, पण झोत यंत्रावर नको. काम चालू असताना वीज गेली तर प्रिंटरचं डोकं उघडं राहतं. नातवाने त्यासाठी लहानशी बॅटरी बसवली आहे. तिचं काम एवढंच, की वीज जाताच डोकं सरकवून आपल्या टोपीखाली नेऊन ठेवायचं. सुताचे उभे राहिलेले तंतू डोक्याला लागू नयेत म्हणून शर्ट आधी गरम दाबायचा. आटोपशीर यंत्र म्हणजे टेबलावर मावणारं, हे खरंच. पण दुकानात एकट्या माणसाला ते साफ करून चालू ठेवता आलं पाहिजे, हे त्याहून खरं.

विद्यार्थ्यापुढे आता कर्जाचा प्रश्न आहे. तयार डीटीएफ मशीन घ्यावी, की नातवाच्या यंत्राची वाट पहावी? "सर, एप्रिल-मे निभावलं तर हेच ठेवतो," म्हणाला. मी सल्ला दिला नाही. हप्ते त्याला फेडायचे आहेत. एवढं मात्र बोललो, की आपला कापूस गठाणीतून जातो आणि पॉलिएस्टरचा शर्ट होऊन परत येतो, याला कुठेतरी खीळ बसली तर बरं.

असो. तुमच्यापैकी कोणी, किंवा परदेशातल्या भाचे-पुतण्यांपैकी कोणी असं यंत्र वापरत असेल, तर पांढरी शाई कशी सांभाळता ते जरूर कळवा. नातू वाट पाहतो आहे, आणि मीही.