मधल्या कप्प्यातला ड्रेस

सणाच्या दिवशी बायका सगळ्यांत जास्त राबतात, आणि नेमक्या त्याच दिवशी राबायला सगळ्यांत गैरसोयीचे कपडे अंगावर चढवतात. गौरी जेवतात त्या दुपारचं कुठलंही स्वयंपाकघर बघा. भाद्रपदातला उकाडा, चारही शेगड्या पेटलेल्या, कटाची आमटी उकळतेय, कढईत वडे, आणि पंखा लावला तर गॅस फडफडतो म्हणून तोही बंद. त्या भट्टीत घरच्या लेकीसुना काठापदराच्या साड्या कमरेला खोचून, बाहीला आतून टोचणारी जर खाजवत, नैवेद्याची पानं वाढत असतात. बाहेर पुरुषमंडळी झब्ब्यात. सुती, सैल, पांढऱ्या झब्ब्यात. त्यांचा तेवढा एक शहाणपणा आपण केव्हाच उचलायला हवा होता.

मी तो उचलला, कारण मला उकाडा सोसत नाही. माझ्या कपाटात वर ठेवणीतले कपडे, खाली रोजचे, आणि मधल्या कप्प्यात सुती ड्रेस. हा मधला कप्पा मोठा गमतीचा. त्यातला कपडा दसऱ्याला आपट्याची पानं वाटत फिरतो आणि दुसऱ्या दिवशी पासबुक भरायला बँकेतही जातो. त्याला डांबराच्या गोळ्या नकोत, मलमलची पिशवी नको, ड्रायक्लीनिंगची पावती जपायला नको. हळदीकुंकवाच्या गर्दीत कुणाच्या हातून करंडा कलंडला तरी यजमानीणबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहतं.

यावर परंपरेचा दाखला देणारे भेटतात. देवाचं काही करायचं तर रेशीम हवं, म्हणतात. पण सोवळ्याचा मूळ हिशेब निराळा होता. आदल्या दिवशी धुऊन उंच वलणीवर काठीने वाळत घातलेलं, कुणी न शिवलेलं सुती लुगडं सोवळ्याला चालत असे. कित्येक घरांत ओलेत्यानेच स्वयंपाक व्हायचा. कद आणि पीतांबर सोयीचे ठरले ते रोज धुवावे लागत नाहीत म्हणून. म्हणजे देवाची सुताबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार आपली आहे, आणि ती देवापेक्षा समोरच्या बिऱ्हाडाकडे बघून केलेली आहे.

आमच्याकडे ड्रेस म्हणजे कमीज, सलवार आणि ओढणी. मराठी घरांत तो आला पंजाबी ड्रेस म्हणून, आणि आला तो दबकत. आधी कॉलेजातल्या मुलींपुरता. लग्न झालं की ड्रेस माहेरच्या कपाटात राहायचे आणि नवी नवरी साड्यांच्या चळतीसह सासरी जायची. मग नोकऱ्या आल्या, लोकलची गर्दी आली, आणि घरोघर सवलती मिळू लागल्या. प्रवासात चालेल. रात्री चालेल. पाहुणे नसताना चालेल. सणवार सोडून चालेल. या विषयावर कुठल्याच घरात कधी बैठक बसली नाही, कुणी ठराव मांडला नाही. एकेक ‘चालेल’ मिळत गेला आणि ड्रेस दिवाणखान्यापर्यंत पोचला. आमच्या सासूबाईंनी पहिला ड्रेस घातला तो साठीनंतर, यात्रेच्या गाडीत चढता-उतरताना निऱ्या सांभाळवेनात म्हणून. परत आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “अगं, यात मांडी घालून बसता येतं की!” त्या वाक्यात आनंद होता, आणि इतकी वर्षं हे कुणी सांगितलं कसं नाही, असा थोडा रागही.

माझ्या मधल्या कप्प्यात एक निळा ड्रेस आहे, बगरूच्या कापडाचा. बगरू हे जयपूरजवळचं ठसेछपाईचं गाव. तिथलं कापड नवं असताना आधी नाकाला कळतं. मातीचा, किंचित आंबूस वास येतो आणि पहिल्या एक-दोन धुण्यांत जातो. वास येणारच, कारण त्या कापडाने काय काय भोगलेलं असतं! तिथले छिपा कारागीर कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून पिवळट करून घेतात. हिरडा म्हणजे तोच, ज्याची कोवळी फळं जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी बायामाणसं बाळहिरडा म्हणून गोळा करतात. काळा रंग येतो गंजापासून. घोड्यांचे झिजलेले नाल, मोडकंतोडकं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबत ठेवायचं आणि ते पाणी चिंचोक्याच्या पिठाने किंवा डिंकाने दाट करून ठशावर घ्यायचं. त्याचा खरा काळेपणा कापडातल्या हिरड्याशी गाठ पडली की उतरतो. निळ्या कापडाची तऱ्हा आणखी वेगळी. माती, चुना, डिंक आणि किडक्या गव्हाचं पीठ यांचा लगदा ठशाने कापडावर मारतात, वर लाकडाचा भुसा भुरभुरतात, उन्हात वाळवतात आणि मग कापड निळीच्या हौदात सोडतात. जिथे चिखल बसलाय तिथे नीळ शिरत नाही. चिखल धुऊन टाकला की खालून नक्षी निघते.

माझ्या ड्रेसवर डाव्या खांद्याखाली एक ठसा जेमतेम अर्धा सूत सरकलाय. तिथल्या बुट्टीला दुहेरी देठ आलाय. मला तो फार आवडतो. मशीनवर छापलेल्या नकली मालातही हल्ली असे सरकलेले ठसे घातलेले मी पाहिलेत. फरक एवढाच, की तिथे तेच सरकणं ठरावीक अंतरावर तसंच्या तसं परत येतं. हाताने मारलेला ठसा एकच चूक दोनदा करत नाही. दुकानात कापड हातभर उलगडून बघा, लगेच कळतं.

सूत अंगाला बरं का वाटतं, याचं उत्तर अगदी साधं आहे. नेहमीच्या हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओल धरून ठेवू शकतं. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. घाम सूत पितं आणि हवेत सोडतं, पॉलिएस्टर तो आपल्याच पाठीवर राहू देतं. शेगडीपाशी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवलेली बरी. पेट दोन्ही कापडं घेतात, पण पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. म्हणून तळण काढताना ओढणी खुंटीला, कापड कुठलंही असो.

एवढं चांगलं कापड घेऊनही शेवटी सगळं शिंप्याच्या हातात असतं. आमच्या शिंपीकाकांचा पहिला प्रश्न ठरलेला: “ताई, पाण्यातून काढलंय ना?” मागावर ताणून धरलेला धागा पहिल्या पाण्यात सैलावतो आणि आखडतो, शिवल्यावर आखडला तर पोटरीपर्यंतची कमीज गुडघ्यावर येते. अस्तराचं कापडही पाण्यातून काढायला ते लावतात. तो साधा सुती कॅम्ब्रिक बहुतेकदा इचलकरंजीकडचा असतो, जिथे पहिला यंत्रमाग १९०४ साली बसला. वरचं भिजवलेलं आणि अस्तर कोरं असलं की पहिल्याच धुण्यात घेर आतून मुडपतो आणि कितीही इस्त्री केली तरी सरळ होत नाही. मग मापं. “कट कुठपासून? बाही पाऊण की कोपरापर्यंत? माया किती ठेवू?” माझं उत्तर नेहमीचं, भरपूर ठेवा. दिवाळीचा फराळ तोंडावर असताना शिवणीत इंचभर माया नसेल तर तो ड्रेस संक्रांतीपर्यंत टिकणार कसा?

खिशावरून मात्र दरवर्षी वाद होतो. “खिशाने फॉल बिघडतो, ताई.” बिघडू दे. मोबाईल, किल्ल्या, सुट्टे पैसे आणि देवळात मिळालेलं फूल ठेवायला जागा नसलेल्या कपड्याला मी सणाचा कपडा मानायला तयार नाही. पुरुषांच्या झब्ब्याला दोन्ही बाजूंनी खिसे असतात आणि त्यांचा फॉल कुणी मोजत नाही.

आणखी एक जुनी गोष्ट मी हट्टाने मागून घेते, ती म्हणजे चौबगला. पूर्वीच्या कुडत्यांना काखेत हा चौकोनी तुकडा तिरका बसवलेला असायचा. अंगाचे भाग सरळ, बाही सरळ, बाजूंना कळ्या, आणि काखेत चौबगला. कापड फारसं वाया जात नसे, आणि हात वर केला की कुडता पोटावरून ओढला जात नसे. काखेवर येणारा सगळा ताण तो तळहाताएवढा तुकडा आपल्यावर घ्यायचा. आताच्या बहुतेक तयार कुर्त्यांतून तो गेला. बाही अंगासरशी आली, दिसायला नीटस झाली, आणि फळीवरचा डबा काढायला हात वर केला की काखेतली शिवण टचकन उसवते. हे कपडे आरशासमोर हात खाली सोडून उभ्या राहिलेल्या बाईसाठी बेतलेले असतात. अशी बाई सणाच्या दिवशी मी तरी कुठल्या घरात पाहिलेली नाही.

खणाचे ड्रेसही आता सगळीकडे दिसतात. खण विणला जातो बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला, पण ओटीत नारळाखाली घडी होऊन तो आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या येतोय. मुळात चोळीपुरतं कापड, त्यामुळे पन्हा अरुंद. अख्खी कमीज बेतायची तर जोड द्यावे लागतात आणि चांगला शिंपी ते काठाखाली दडवतो. ही कटकट नको म्हणून रुंद पन्ह्याचा पॉलिएस्टरचा ‘खण’ बाजारात ढिगाने आलाय. दिसतो झकास, घाम येईपर्यंत. त्यापेक्षा खणाचा पट्टा गळ्याला आणि बाहीला, बाकी ड्रेस साध्या सुताचा, हे मला पटतं. नवरात्रात रोजच्या रंगाचा नियम पाळणाऱ्या माझ्या मैत्रिणींना तर हे फारच सोयीचं. नऊ दिवसांच्या नऊ साड्या नेसून लोकलच्या गर्दीत घुसण्यापेक्षा एक ओढणी बदलली की भागतं.

हे सगळं लिहिताना यवतमाळकडच्या बायका डोळ्यांपुढून हलत नाहीत. महाराष्ट्रात ४० लाख हेक्टरांच्या आसपास कापूस लागतो आणि विदर्भाचा त्यात मोठा वाटा. पहिल्या वेच्याला तिथे शेतात पूजा मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. त्याला सीतादही म्हणतात. वेचणी ऐन दिवाळीच्या आगेमागे येते. कमरेला झोळी बांधून, बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं ओरबाडून घेत, बायका ओळीने पुढे सरकत असतात. मजुरी किलोवर. आणि त्यांच्या अंगावर असते गुळगुळीत सिंथेटिक साडी, वरून नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. सिंथेटिक स्वस्त पडतं, लवकर वाळतं, लवकर विरत नाही. तीनही कारणं खरी आहेत. माझ्या आजीच्या काळात सूत गरिबाघरचं आणि टेरिलीन मिरवण्याचं. आता हातछपाईचं सूत आम्ही मिरवतो, आणि ज्यांच्या हातांनी ते बोंडातून काढलं त्यांना नायलॉन. मी सुती ड्रेसचे गोडवे गाते तेव्हा त्यातला हा भाग मला गिळता येत नाही, आणि त्यावर माझ्याकडे उपायही नाही.

सुती ड्रेसचं वय मात्र प्रामाणिक असतं. ठेवणीतली पैठणी सगळा जन्म कपाटात झोपून काढते आणि एक दिवस घडीवर चिरते. सुती ड्रेस वापरात म्हातारा होतो. पहिल्या वर्षी तो दिवाळीचा. पुढल्या वर्षी ऑफिसचा. मग रंग उतरला की घरातला, आणि नेमका तेव्हाच अंगाला सगळ्यांत मऊ लागायला लागतो. पुढे सलवार झोपताना उपयोगी पडते, कमीज फाटते आणि तिचे तुकडे होतात. ओढणी बाळंतघरात जाते. नव्या बाळाला गुंडाळायला जुन्या सुतासारखं दुसरं काही नाही, हे डॉक्टर असलेल्या आयांनाही मान्य असतं. उरलेलं गोधडीत, आणि गोधडीतूनही उरलेलं ओट्यावर फडकं म्हणून. पॉलिएस्टरचं फडकं पाणी नुसतं इकडचं तिकडे ढकलतं. भांड्यांवर कपडे घेणारी बोहारीण मात्र जुनं सूत बघून नाक मुरडते. तिचंही बरोबर आहे. आमच्या घरातून तिच्यापर्यंत पोचेतो त्यात घेण्यासारखं काही राहिलेलंच नसतं.

तेव्हा या दिवाळीला ड्रेस शिवणार असाल तर कापड घटस्थापनेच्या आतच शिंप्याकडे टाका, नंतर ते घेत नाहीत. त्याआधी रात्रभर भिजवून सावलीत वाळवा, अस्तरासकट. माया भरपूर मागा, चौबगला मागा. आणि खिसा नको म्हणाले तरी खिसा लावूनच घ्या.