पर्वतावरील नमुना

कॉलेजांत असतांना ज्या रस्त्यानें आम्ही सायकलवरून रोज जात असूं, त्या पुणें लष्करांतील रस्त्याच्या कडेस लाल विटांची एक उंच इमारत उभी होती व आजहि आहे. गांवांतले लोक तिला ‘लाल देऊळ’ म्हणतात. तिचा सुमारे ९० फुटांचा मनोरा आणि त्यावरचें घड्याळ पाहून आम्ही बरेच दिवस तिला ख्रिस्ती देऊळ समजत होतों. तो गैरसमज दूर केला आमच्या वर्गांतल्या एका स्नेह्यानें. तो कोंकणांतला बेने इस्राएल. त्याचे पूर्वज समुद्रकांठच्या एका गांवीं तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारीं तो बंद ठेवीत, म्हणून आसपासचे लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. हें देऊळ यहुद्यांचें, डेव्हिड ससून यांनीं तें बांधावयास घेतलें, १८६४ सालीं ते वारले, १८६७ सालीं काम पुरें झालें आणि त्यांची समाधि त्याच आवारांत आहे, इतकें त्यानें एका दमांत सांगितलें, आणि मग हंसून म्हणाला, “याचें खरें नांव ठाऊक आहे का तुला? ओहेल डेव्हिड. म्हणजे दाविदाचा तंबू.”

एवढ्या दगडाविटांच्या राशीला तंबू कां म्हणावें हें आम्हांस उमजेना. त्यांतून आणखी मौज अशी, कीं त्याच्या घरचीं वडील माणसें आपल्या प्रार्थनामंदिराला ‘मशीद’ म्हणत. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनीं १७९६ सालीं मुंबईंत स्थापिलेलें बेने इस्राएलांचें पहिलें सिनेगॉग ‘जुनी मशीद’ म्हणूनच ओळखलें जाई, व तेथल्या रेल्वे स्टेशनाचें नांव त्यावरूनच पडलें असें सांगतात. म्हणजे शेजारीपाजारी ज्याला देऊळ म्हणतात, मालक ज्याला मशीद म्हणतात, तें स्वतःला तंबू म्हणवितें! “आमचें पहिलें देऊळ तंबूच होतें,” स्नेही म्हणाला. “पोथ्यांच्या कपाटापुढें जो पडदा असतो त्याला आम्ही अजून त्या तंबूंतल्या पडद्याचेंच नांव देतों. तंबू अजून उतरविलेला नाहीं.”

त्या सुटींत आम्हीं एक मराठी बायबल मागून आणलें व निर्गमाचें पुस्तक उघडलें. खरें सांगावयाचें तर पंचविसाव्या अध्यायापासून पुढें बहुतेक वाचक पानेंच उलटीत असावेत. समुद्र दुभंगला, सीनाय पर्वत धुमसला, आज्ञा झाल्या, आणि त्या सगळ्या गडगडाटानंतर एकाएकीं सुताराची व शिंप्याची यादी सुरू होते. फळ्या किती, कड्या किती, पडदे किती हात. कोश अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. निवासमंडपाच्या फळ्या ४८, प्रत्येक १० हात उंच. अंगण १०० हात लांब व ५० हात रुंद. या यादींत आम्हांस अडविलें तें एका शब्दानें. कोश कोणत्या लांकडाचा? तर बाभळीच्या! चंदन नव्हे, साग नव्हे, बाभूळ. आमच्याकडे जिचा उपयोग औताला, गाडीच्या चाकाला आणि कुंपणाला, ती देवाच्या कोशाला. पण विचार करूं जातां तेंच योग्य दिसतें. त्या ओसाडींत दुसरें लांकूड मिळावें कोठून? सीनायच्या वाळवंटांत बाभळीच्याच कुळांतलें झाड उगवतें. हाताशीं जें आहे त्याचेंच करावयाचें, आंतबाहेर सोन्यानें मढवावयाचें. माप मात्र स्वतःच्या मनाचें घालावयाचें नाहीं. मोशेला पर्वतावर एक नमुना दाखविलेला आहे आणि सारें त्याबरहुकूम करावें अशी त्याला पुनः पुनः ताकीद आहे.

हा नमुना म्हणजे काय? नकाशा, लहानशी प्रतिकृति, कीं वर स्वर्गांत खरोखरच उभें असलेलें मंदिर? मूळ इब्री शब्दांत तिन्ही अर्थांना जागा आहे, आणि पुढचे सारे वाद त्या जागेंतूनच शिरले. ही कल्पना एकट्या इस्राएलांचीहि नव्हे. इ.स.पू. २१०० च्या सुमारास लगाशचा राजा गुदेआ याला देवळाविषयींची आज्ञा स्वप्नांत झाली, असें त्याच्या मातीच्या नळकांड्यांवर लिहिलेलें आहे. आणि मांडीवर नकाशा घेऊन बसलेली त्याची दगडी मूर्ति पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयांत आहे. मूर्तीचें शिर गेलें, मांडीवरचा नकाशा राहिला.

तंबूचें देऊळ होण्यास पुढें बराच काळ लागला, आणि तें होऊं लागलें तेव्हां देवानेंच आढेवेढे घेतले, हें आम्हांस फार गोड वाटतें. दावीद राजाला लाज वाटली, कीं आपण देवदारूच्या घरांत राहतों आणि देवाचा कोश कापडाच्या आड. त्यावर नाथान संदेष्ट्याच्या मुखानें उत्तर आलें तें असें, कीं मी तुमच्याबरोबर तंबूंतून हिंडत आलों, तेवढ्या काळांत कोणाजवळ कधीं घर मागितलें होतें काय? अखेर घर बांधलें दाविदाच्या मुलानें. शलमोनाला त्यासाठीं सात वर्षें लागलीं. ६० हात लांब, २० हात रुंद, ३० हात उंच, आणि सर्वांत आंतला गाभारा २० हातांचा समचौरस घन. प्रतिष्ठेच्या दिवशीं प्रार्थनेस उभा राहून हा राजा स्वतःच विचारतो, कीं देवा, आकाश आणि आकाशापलीकडचें आकाशहि तुला पुरत नाहीं, मग मीं बांधलेलें हें घर तें काय पुरणार! देवळें बांधणारे राजे जगांत पुष्कळ झाले; वास्तुशांतीच्या दिवशींच अशी कबुली देणारे थोडे.

इ.स.पू. ५८६ च्या सुमारास नबुखद्नेस्सराच्या सैन्यानें तें देऊळ जाळलें. यानंतरचा जो भाग आहे तो आम्हीं तरुणपणीं कंटाळून सोडला होता आणि म्हातारपणीं तोच पुनः पुनः वाचतों. बाबेलास धरून नेलेला यहेज्केल नांवाचा संदेष्टा, बंदिवासाच्या पंचविसाव्या वर्षीं, देऊळ नाहींसें झाल्याला चौदा वर्षें लोटल्यावर, दृष्टांतांत एक देऊळ पाहतो. एक पुरुष मापाची काठी घेऊन पुढें चालतो आणि दारें, ओसऱ्या, पायऱ्या, भिंतींची जाडी, सारें मोजीत जातो. काठी सहा हातांची. पण हात कोणता? नेहमींचा हात अधिक चार बोटें. इतिहासाच्या ग्रंथांतहि शलमोनाच्या देवळाचें माप देतांना तें जुन्या मापाच्या हातांनीं आहे असा खुलासा मुद्दाम केलेला आढळतो. हात सुद्धां बदलतो, हें त्या लोकांना चांगलें ठाऊक होतें. यहेज्केलाचें देऊळ त्या मापानें कधींच बांधलें गेलें नाहीं. परत आलेल्या लोकांनीं जें बांधलें त्याचा पाया घालतांना तरुणांनीं जयघोष केला, आणि ज्यांनीं पहिलें देऊळ पाहिलें होतें ते म्हातारे मोठ्यानें रडले. हर्षाचा आवाज कोणता व रडण्याचा कोणता, हें लोकांना कळेना असें एज्राच्या पुस्तकांत सांगितलें आहे.

त्या दुसऱ्या देवळाच्या गाभाऱ्यांत इ.स.पू. ६३ सालीं रोमन सेनापति पाँपी शिरला. मूर्ति पाहावयास मिळेल म्हणून गेलेल्या त्या विजयी पुरुषाला आंत कोणतीहि मूर्ति दिसली नाहीं. इ.स. ७० सालीं तीत याच्या सैन्यानें तेंहि जाळलें.

आतां ज्या पत्रामुळें आमच्या हातून एक अपराध घडला त्याकडे वळतों. नव्या करारांत ‘इब्री लोकांस पत्र’ आहे. तें कोणीं लिहिलें हें निश्चित नाहीं. पौलाचें म्हणण्याची परंपरा होती, ती आतां फारसे अभ्यासक मानीत नाहींत. देऊळ उभें असतां लिहिलें कीं पडल्यावर, याविषयींहि वाद आहे. त्यांतला युक्तिवाद मात्र धारदार आहे. मोशेला पर्वतावर नमुना दाखविला, म्हणजे खरें मंदिर वर आहे; खालचें केवळ त्याची प्रतिमा व छाया; ख्रिस्त हातांनीं केलेल्या गाभाऱ्यांत न जातां प्रत्यक्ष स्वर्गांत गेला; तेव्हां छायेचें काम संपलें. हा विचार आम्हांस त्या वयांत अत्यंत पटला, आणि ज्याला विचार पटतो त्याला तो कोणावर तरी चालवून पाहावासा वाटतो.

आमचा वाडा १९७४ सालीं पाडला. १९६१ सालीं पानशेतच्या पुराचें पाणी ज्याच्या माजघरांत शिरलें तरी ज्याच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, तो पहारींनीं आठ दिवसांत खालीं आला. आम्ही नव्या इमारतींत चौथ्या मजल्यावर राहावयास गेलों, पेढे वांटले, आणि आईसाठीं बाजारांतून एक तयार देव्हारा आणला. तीन दिवस तिनें त्यांत देव मांडले नाहींत. ते ताम्हनांत, धुतल्या वस्त्राखालीं राहिले. चौथ्या दिवशीं तिनें सुताराला बोलाविलें आणि भिंतीवर आपल्या हातानें विती टाकून त्याला माप दिलें. रुंदी साडेतीन विती, उंची चार विती आणि चार बोटें, जमिनीपासून इतकें वर कीं मांडी घालून बसल्यावर देव डोळ्यांसमोर यावेत. वाडा रिकामा केल्यावर एके दुपारीं ती एकटी तेथें जाऊन जुन्या देवघराचा कोनाडा मोजून आली होती, हें आम्हांस तेव्हां कळलें.

“आई, देव का माप पाहून बसतो?” आम्हीं विचारलें.

“देव कोठेंहि बसेल रे,” ती म्हणाली. “मला बसतां आलें पाहिजे.”

येथें गप्प बसावयास हवें होतें. परंतु आम्हीं पत्रांतली ती सारी विद्या तिला ऐकविली. हें सगळें छाया आहे, खरें तें निराळेंच असतें, आणि छायेसाठीं सुताराला पैसे देण्यांत अर्थ नाहीं, असेंहि म्हणालों. ती कांहीं बोलली नाहीं. सुताराचे पैसे तिनें आपल्या डब्यांतून दिले.

ही हकीकत आम्हीं स्नेह्याला गंमत म्हणून सांगितली. तो हंसला नाहीं. “तुझ्या त्या पत्रांत छाया म्हणजे उणें,” तो म्हणाला. “तंबू बांधणाऱ्या मुख्य कारागिराचें नांव काय होतें, आठवतें का? बसालेल. त्याचा अर्थच ‘देवाच्या छायेंत’.” आमच्या मराठींतहि वडिलांची छाया गेली म्हणतांना आपण त्यांना खोटें ठरवीत नाहीं, हें तोंवर आम्हांस सुचलें नव्हतें. मग त्यानें तालमुदांतलें रब्बी योहानान यांचें एक म्हणणें सांगितलें. वर स्वर्गांत एक यरुशलेम आहे हें त्यांनाहि मान्य. पण खालच्या यरुशलेमेंत पाऊल टाकीपर्यंत आपण वरच्यांत जाणार नाहीं, असा देवाचा निश्चय आहे असें ते सांगत. म्हणजे खालचें वरच्यासाठीं थांबलेलें नाहीं. वरचेंच खालच्यासाठीं खोळंबलें आहे. देवळाच्या विध्वंसानंतर जन्मलेल्या माणसाचें हें बोलणें आहे, एवढें लक्षांत घेतलें म्हणजे पुरे.

त्या पत्राला आम्ही आजहि खोटें म्हणत नाहीं. बायबलाच्या शेवटच्या पुस्तकांत स्वर्गांतून उतरणाऱ्या नगरीचें जें वर्णन आहे तें वाचतांना दोन्ही मतें जवळ येतात असें आम्हांस वाटतें. त्या नगरींत देऊळ दिसलें नाहीं असें योहान स्पष्ट सांगतो. पण तिचें माप? लांबी, रुंदी, उंची सारखी. शलमोनाचा गाभारा असाच घन होता. तेव्हां देऊळ नाहीं याचा अर्थ आमच्या मतें असा, कीं सारी नगरीच गाभारा झाली आहे. आणि गंमत ही, कीं तेथेंहि एक दूत सोन्याची काठी घेऊन मोजावयास उभा आहे, व तें माप मनुष्याच्याच हाताचें आहे असें ग्रंथकार आवर्जून नमूद करतो.

१९७५ सालीं स्नेही सहकुटुंब इस्राएलास गेला. जाण्यापूर्वीं तो आपल्या गांवच्या मशिदींत शनिवारच्या प्रार्थनेस गेला होता. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, सातच जमले. अजून कधीं कधीं त्याचा फोन येतो आणि तो कोंकणी हेल काढून मराठी बोलतो. तेथें प्रार्थनेच्या वेळीं तोंड कोणत्या दिशेला करतोस असें आम्हीं एकदां विचारलें. “आतां पूर्वेला,” तो म्हणाला. “पन्नास वर्षें झालीं, अजून पाय आधीं पश्चिमेकडेच वळतात.”

आई १९९१ सालीं गेली. ज्या इमारतीचे पेढे आम्हीं वांटले होते ती आतां जुनी झाली म्हणून पाडणार आहेत, आणि नव्या घराचा नकाशा आमच्यापुढें सहीसाठीं आला आहे. त्यांत देवासाठीं स्वयंपाकघरांत एक फळी दाखविलेली आहे. गेल्या रविवारीं आम्हीं नातवाला देवघर मोजावयास सांगितलें. त्यानें टेप लावून रुंदी लिहून घेतली, सत्तर सेंटिमीटर. तो गेल्यावर आम्हीं चौकटीवर हात ठेवून विती टाकून पाहिल्या. तीन भरतात, आणि वर थोडें उरतें. साडेतीन भरत नाहींत. आईची वीत लहान होती.